पिकअप आणि पेटी

धडगावात 'पिकअप' म्हणजे काय हे विचारायला कुणी शब्दकोशाकडे जात नाही. पिकअप म्हणजे ती मागून उघडी चारचाकी, जिच्यात पुढे ड्रायव्हर आणि जवळजवळ त्याच्या मांडीवर तिघे, मागे आमचुराची पोती, पोत्यांवर माणसे, माणसांच्या काखेत कोंबड्या आणि या सगळ्यांवर परमेश्वराची कृपा असते. चांदसैलीच्या घाटात ती वळण घेते तेव्हा आतले नास्तिकसुद्धा आस्तिक होतात. माझ्या पिढीला आणखी एक पिकअप ठाऊक आहे. रेकॉर्डवर अलगद ठेवायचा, टोकाला सुई असलेला तो हात. तो ठेवायचा अधिकार घरात फक्त वडिलांना असे, आणि त्यांचा हात थरथरला तर गाणे थेट दुसऱ्या अंतऱ्यावर जाई.

तिसरा पिकअप मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी आमच्या चिरंजिवांनी शिकवला.

"बाबा, माझ्याकडे बारा हजार आहेत," तो म्हणाला. "पिकअप घेऊ की कॅबिनेट?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आमच्या हिने या प्रश्नाचे शेपूट तेवढे ऐकले होते, पण ते तिच्या काळजातले होते.

"कॅबिनेट!" ती आतूनच म्हणाली. "गाडी घेऊन चालवणार कोण?"

इथे थोडा खुलासा करायला हवा. ओट्याच्या वर आणि खाली जी कपाटे करतात त्यांना हल्ली कॅबिनेट म्हणतात, आणि तसे एक आपल्याकडे असावे ही हिची दहा वर्षांची इच्छा. त्यासाठी शहाद्याहून आणलेले अठरा एमएम प्लायवूडचे दोन तक्ते आमच्या पलंगामागे भिंतीला टेकून उभे होते. सुतार अक्षय्य तृतीयेला येतो म्हणाला होता. कुठल्या वर्षीच्या ते बोलला नव्हता. तोवर हळद, मीठ, डाळी आणि वर्षाचा आमचूर अशा बरण्यांची रांग जमिनीवरच भिंतीशी बसून होती, पंगतीला पान वाढायची वाट पाहत बसल्यासारखी.

चिरंजिवांना मात्र हवे होते ते गिटारचे पिकअप आणि गिटारचे कॅबिनेट. 'हेवी' आवाज काढायचा होता. कुठल्या संगीतासाठी म्हणून विचारले तर म्हणाला, "हेवी मेटल." मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. जड धातू म्हणजे शिसे, पारा आणि कॅडमियम, तिन्ही विषारी, हे मी फळ्यावर लिहून रंगीत खडूने अधोरेखित करत आलो. शेजाऱ्यांचे मत याहून वेगळे नव्हते.

पण हा प्रश्न त्याने विचारला याचाच आम्हाला आनंद झाला होता. पुण्यात त्याची नोकरी होती. कंपनीने एका शुक्रवारी त्याचा अख्खा विभागच बंद केला, आणि दिवाळीला आलेला मुलगा संक्रांत झाली तरी घरीच होता. गिटार खिळ्याला, गवसणीसकट. जेवताना "अजून वाढू?" म्हटले की "नको." "पिक्चर लावू?" "नको." तीन महिने घरात 'नको' हा एकच शब्द वाजत होता, आणि तोही अगदी हळू. अशा घरात कुणी उठून मोठा आवाज करायचा म्हणतो, तेव्हा आईबाप कानांत कापूस घालायची तयारी करतात. तक्रार करत नाहीत.

हे घडवून आणले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. दहावीला विज्ञानात मी त्याला काठावरचे पस्तीस दिले होते. आज आमच्या भागातला बहुधा सगळ्यात मोठा आवाज त्याच्या मालकीचा आहे. टेम्पोवर स्पीकर, भोंगे, जनरेटर, सिंथेसायझर आणि बेंजो घेऊन तो लग्ने वाजवतो. ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्याचा बेंजोवाला कामासाठी गुजरातेत निघून गेला. पाच लग्नांच्या सुपाऱ्या घेतलेल्या, आणि मुख्य वाद्यच नाही.

बेंजो म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण नावाने फसायला होते. अमेरिकेतल्या बँजोशी याचे सोयरसुतक नाही. १९१२ साली जपानातल्या नागोयात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने टाइपरायटरसारखी बटणे लावलेले एक तंतुवाद्य काढले, तैशोगोतो. ते फिरत फिरत हिंदुस्थानात आले, इथे बुलबुलतरंग झाले, आणि महाराष्ट्रातल्या मिरवणुकांनी त्याला विजेचा पिकअप बसवून बेंजो केले. तेव्हा गणपतीपुढे आणि नवरदेवापुढे विजेवर चालणारी पोलादी तार आपण केव्हापासून ऐकतो आहोत. फक्त तिला आपण मेटल म्हणत नाही, वरात म्हणतो.

"सर, तुमच्या मुलाला पाठवा," विद्यार्थी म्हणाला. "पण त्याचा आवाज ढोलापुढं टिकला पाहिजे."

ही अट साधी नव्हती. सातपुड्यातला ढोल ज्याने ऐकला नाही त्याला ती कळायची नाही. पलीकडे अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. तिथे कमरेला घुंगरू आणि वाळक्या भोपळ्यांच्या माळा बांधून बुध्ये नाचतात, आणि माणसाने मिठीत घ्यायचे म्हटले तर हात पुरणार नाहीत असले ढोल वाजतात. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच. तो पोटात ऐकू येतो. अशा आवाजाच्या शेजारी उभे राहून गिटार वाजवायची म्हणजे हत्तीच्या शेजारी उभे राहून शिंकण्यासारखे आहे.

तेव्हा प्रश्न असा होता: वजन आणायचे कुठून? बारा हजारांत पिकअप येईल किंवा स्पीकरची पेटी होईल. दोन्ही नाही.

चिरंजिवांचा कल पिकअपकडे. तरुण माणसाचा तो असतोच. पिकअप लहान, चकचकीत, खिशात मावणारा आणि परदेशी. त्याने मला तो समजावून सांगायला घेतला आणि तिसऱ्या वाक्याला मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. कारण हा तर आमचा फॅरडे! १८३१ सालचा. लोहचुंबक घ्या, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घ्या, वर पोलादाची तार हलवा. चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज खेळते. हा पाठ मी तीस वर्षे शिकवला आणि तीस वर्षे पोरांनी विचारले, "सर, याचा उपयोग काय?" उत्तर आमच्याच घरात खिळ्याला टांगलेले होते.

मग त्याने मला 'हम'ची कथा सांगितली. एकाच वेटोळ्याचा पिकअप तारेचा आवाज जसा पकडतो तशीच आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतो. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तेव्हा ट्यूबलाइट, पंखा, मिक्सर आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर हे सगळे त्या गिटारमधून एकसुरात 'घूंऽऽ' करतात. अमेरिकेत गिब्सन कंपनीत सेथ लव्हर म्हणून एक इंजिनिअर होते. त्यांनी १९५५ साली यावर तोड काढली. एकाऐवजी दोन वेटोळी घ्यायची, एक सुलटे आणि एक उलटे, चुंबकही उलटसुलट. घरघर दोघांत विरुद्ध येते आणि एकमेकांना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोघांत एकाच बाजूने येतो, तो दुणावतो. या जोडपिकअपला हमबकर म्हणतात, आणि जड आवाजाचे निम्मे भक्त यालाच देव मानतात. संसारात नवराबायकोचे नेमके याच्या उलट होते: घरघर दुणावते आणि सूर एकमेकांना खाऊन टाकतात. हे मी मोठ्याने म्हटले नाही. स्वयंपाकघर जवळच आहे.

यापुढे मुलाने आकडे काढले. हा पिकअप आठ हजार ओहमचा, तो सोळा हजारांचा, म्हणून तो दुप्पट जड. इथे मी त्याला थांबवले. ओहम हा तारेचा अडथळा आहे, आवाजाचे माप नव्हे. तार बारीक केली तरी ओहम वाढतात. चुंबक कसला, वेढे किती, पिकअप घोडीजवळ बसवलाय की मानेजवळ, हे सगळे मिळून आवाज ठरतो. घोडीजवळ तो धारदार, मानेजवळ गोल. सतारवाले हे उजव्या हाताची जागा बदलून पिढ्यान् पिढ्या करतात, आणि त्यांना कुणी ओहम विचारलेले नाहीत.

त्याच्या गिटारमधला एक पिकअप मुकाच झाला होता. तो घेऊन आम्ही बाजारात विहिरीच्या मोटारी भरून देणाऱ्याकडे गेलो, कारण वेटोळे ते वेटोळे. त्याने ते काडेपेटीएवढे लांबट प्रकरण तळहातावर घेतले, उलटे केले, कानाशी धरले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "किती एचपीची?" मुलाने सांगितले, ही गिटारची आहे. "पाणी किती फुटावरनं ओढते?" शेवटी वेढ्याची तार पाहून त्याने ते परत दिले. एवढी बारीक तार तो ठेवत नव्हता. "हिच्यात मोटर जळायला वीज पण लागायची नाही," तो म्हणाला. "नुसती नजर लागली तरी जळंल."

मग विद्यार्थ्याच्या शेडमध्ये खरी परीक्षा झाली. उरलेल्या पिकअपांवर गिटार, पायाशी आवाज फाडणारे पेडल, आणि तिथून थेट भोंग्यात. मुलाने डोळे मिटले, मान हलवली आणि तारेवर घाव घातला. सातपुड्यातले झाडून सगळे डास त्या शेडमध्ये आले असा भास झाला. दोन कोंबड्या बाहेर पडल्या.

त्याचे कारणही साधे आहे. आवाज फाडला की त्यातून वरच्या पट्टीतल्या कंपनांचे पीक उगवते. गिटारचा खास बारा इंची स्पीकर सेकंदाला पाच हजार कंपनांच्या वर फारसे काही बोलतच नाही. तो म्हाताऱ्या माणसासारखा आहे, नको ते त्याच्याकडून आपोआप गाळले जाते. भोंगा उलट वागतो. खालचा गोल भाग गाळून वरची किरकिर तेवढी गावभर सांगतो. असे शेजारी आपल्या माहितीचे असतात. म्हणजे फाडलेला आवाज जड होतो तो स्पीकरच्या कृपेने. मुळात आवाज फाडण्याची कलाही स्पीकरपासूनच सुरू झाली. १९५८ साली लिंक रे या अमेरिकन वादकाने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने चिरला आणि त्या आवाजावर जगभर गाजला. आमच्याकडच्या लग्नातल्या स्पीकरांना हे भाग्य पहिल्याच हंगामात आपोआप लाभते.

विद्यार्थ्याने अडगळीतून एक जुना बारा इंची स्पीकर काढला, नुसताच, पेटीविना, आणि जमिनीवर ठेवून जोडला. डास गेले, पण आवाजात जीव नव्हता. पत्र्याच्या डब्यातून कुणी खोकावे तसा. चिरंजीव माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हणून म्हणतो, पिकअपच पाहिजे."

शेडच्या दाराशी विद्यार्थ्याचे आजोबा उकिडवे बसले होते. आयुष्यभर ढोल वाजवलेला माणूस. इतका वेळ ते बिडी ओढत आमची गंमत पाहत होते. आता उठले, कोपऱ्यातले रिकामे पिंप गडगडत आणले, उभे केले, आणि तो स्पीकर उचलून झाकणासारखा त्याच्या तोंडावर ठेवला.

"उघड्या बुडाचा ढोल कुणी पाहिलाय का, गुरुजी?"

मुलाने तार छेडली. शेडचा पत्रा थरारला. माझ्या पोटात, जेवणाच्या जरा खाली, काहीतरी हलले. विद्यार्थी "आयला!" म्हणाला आणि मग मी उभा आहे हे आठवून त्याने जीभ चावली.

याचे शास्त्र मी त्यांना तिथेच, पिंपाशी उभे राहून सांगितले. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो. पेटी नसली की पुढची हवा वळसा घालून मागे पळते आणि खर्जातला आवाज तिथल्या तिथे मिटतो. मागची बाजू बंद करा, पळवाट संपते. मागे उघड्या पेटीचा आवाज चहूकडे सांडतो, खोलीत तो छान. बंद पेटीचा आवाज समोरच्याच्या छातीवर थाप मारतो. लंडनचे जिम मार्शल यांचे ढोल-ड्रमचेच दुकान होते. त्यांनी साठीच्या दशकात चार बारा इंची स्पीकर एका बंद पेटीत बसवले आणि जड आवाजाला घर मिळाले. 'द हू'च्या पीट टाउनशेंडला तेवढ्यावर समाधान नव्हते. त्याने आठ स्पीकरांची एकच पेटी करवून घेतली. ती उचलणारी माणसे थोड्याच दिवसांत कुरकुरू लागली, तेव्हा चारचारांच्या दोन पेट्या करून एकीवर एक ठेवाव्या लागल्या. रॉकच्या स्टेजवर मागे जी काळी भिंत दिसते तिच्या पायात हमालांची कंबर आहे.

आणि टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचा हा डावखुरा पोरगा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैल करून खाली उतरवल्या. १९७० साली 'ब्लॅक सबाथ'ची पहिली रेकॉर्ड निघाली आणि जड धातू जन्माला आला. हे मी वाचले होते, पण मुलाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "माहितेय." जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "शेवटचाच दिवस होता त्याचा, बाबा." आणि गिटार पुसत राहिला.

मी पेटीच्या बाजूने मत दिले. वरातीत घरघर ऐकायला सवड कुणाला असते? गाणे थांबले की गिटारवरची कळ फिरवून आवाज बंद करायचा. पिकअप पुढच्या हंगामात घेता येईल. पण हवा हलवल्याशिवाय वजन येत नाही, आणि हवा हलवायला जागा लागते. बारा हजारांत गिटारचे दोन देशी स्पीकर मागवायचे ठरले. पेटीचे प्लायवूड आणायला एक रुपया उरत नव्हता.

हे आम्ही रात्री जेवताना बोलत होतो. ही काही बोलली नाही. ताक वाढले, भात वाढला. मुलाने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. तिने तो वाढला आणि म्हणाली, "पलंगामागचे तक्ते किती जाडीचे आहेत म्हणालात?"

"अठरा एमएम."

"त्याला चालतील?"

मुलगा म्हणाला, "आई, ते तुझं कॅबिनेट—"

"मग कॅबिनेटच करतोय ना?" ती म्हणाली आणि आमटीचे पातेले घेऊन आत गेली.

स्पीकर यायला दहा दिवस लागले. आमच्या नगरपंचायतीचे पूर्ण नाव धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक. पार्सलावर ते लिहिता लिहिता माझे नाव कोपऱ्यात इतके बारीक झाले होते की खोके एकूण गावाच्या नावे आल्यासारखे दिसत होते, आणि गावानेही तसेच मानून ते दारापर्यंत सोबत केली. दहा वर्षे न आलेला सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. ओट्याची कपाटे काय, कुणीही करतो, त्याचे म्हणणे. सांधे खाच पाडून बसवले, आतून आडवी फळी दिली, मागचे झाकण बोटभर अंतरावर स्क्रूने आवळले. कुठून हवा निसटली की पेटी पिपाणीसारखी बोलते.

शेवटी जोडणी. दोन्ही स्पीकर सोळा ओहमचे, ॲम्प्लिफायर आठचा. मी विद्यार्थ्याकडे पाहिले. याने दहावीच्या पेपरात सोळा आणि सोळा समांतर जोडल्यावर बत्तीस लिहिले होते. मला आठवत होते, त्यालाही.

"समांतर, सर," तो म्हणाला. "आठ." आणि स्वतःच डाग मारला.

पहिले लग्न घाटापलीकडे होते. पेटी पिकअपमध्ये, म्हणजे चाकांच्या, चढवली तेव्हा ड्रायव्हरने तिचे दोन माणसांचे भाडे मागितले. बोलणे दीड माणसावर तुटले. वाटेत एक म्हातारी तिच्यावर ऐसपैस बसली, ती उतरेपर्यंत उठली नाही. लग्नात काय झाले ते मी सांगोवांगीच ऐकले. मुलगा पहाटे घरी आला, चेहरा धुळीने माखलेला, आवाज बसलेला. ढोलापुढे टिकला का म्हणून मी विचारले. म्हणाला, आजोबा पहिल्या तासाला पेटीच्या मागे जाऊन तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभे राहिले होते. मग त्यांनी ढोल खांद्यावर घेतला आणि त्याच्या शेजारी येऊन वाजवायला लागले. तीन वाजेपर्यंत सोडले नाही.

आता पाचाच्या नऊ सुपाऱ्या झाल्या आहेत. पुण्याहून एका कंपनीचे बोलावणेही आले आहे. जायचे की नाही यावर घरात अजून कुणी विषय काढलेला नाही.

लग्न नसते तेव्हा पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीशी असते, कारण दुसरीकडे जागा नाही. हिने तिच्यावर धुतलेले फडके अंथरून बरण्या मांडल्या आहेत, उंचीच्या क्रमाने. मुलगा संध्याकाळी सरावाला बसला की त्या हलू लागतात. जाड तार खाली उतरवून छेडली की मिठाची बरणी कडेकडे सरकते, त्याच्या वरच्या सुराला डाळींची झाकणे किणकिणतात. आमचूर जागचा हलत नाही. काल मी पेपर वाचत बसलो होतो. आतून जोरात गिटार चालली होती, आणि तिच्यावरून हिचा आवाज आला:

"अरे, मीठ हललं नाही आज! तार चढलीय बघ तुझी!"